पार्किंगमधली मांजराची पिल्लं: विष नाही, पार्व्हो आहे

ए-३०२: पार्किंगमधली दोन पिल्लं गेली रात्रीत. परवा तर उड्या मारत होती. कुणीतरी विष घातलंय नक्की, सीसीटीव्ही बघा प्लीज

सी-१०४: ताई थांबा, कुणावर संशय घेऊ नका. तिसऱ्याला घेऊन मी आत्ताच व्हेटकडून आले, शीची टेस्ट पार्व्हो व्हायरससाठी पॉझिटिव्ह आलीय आणि रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नाहीत. पॅनल्यूकोपेनिया म्हणतात याला. इतकं झटपट होतं की सगळ्यांना विषबाधाच वाटते, मलाही तेच वाटलं होतं

बी-५०१: पार्व्हो कुत्र्यांना होतो ना?

सी-१०४: कुत्र्यांचा वेगळा, हा मांजरांचा, पण एकाच घराण्यातला. शरीरात जिथे नवीन पेशी भराभर तयार होतात तिथेच हल्ला करतो, म्हणजे आतडी आणि हाडातला मगज, त्यामुळे उलट्या जुलाब चालू आणि त्याच वेळी लढायला पांढऱ्या पेशीच नाहीत. आधी ताप आणि खाणं बंद, मग पिवळा फेस ओकतं, कधी जुलाबात रक्त. आणि एक खूण मी विसरणार नाही, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं, तहान असते पण पीत नाही. काहींना तर जुलाब व्हायच्या आधीच सगळं संपतं

डी-२०३: तापावर पॅरासिटामॉलचा छोटा तुकडा दिला तर?

सी-१०४: काका अजिबात नको!! मांजराला ती गोळी विषच आहे, तुकडासुद्धा

बी-५०१: आमची मनी घराबाहेर जातच नाही, तिला काय धोका

सी-१०४: आपल्या चपलांना चिकटून येतो हो व्हायरस. घरात वर्षभरसुद्धा टिकतो. लस झालीये का तिची?

बी-५०१: लहान असताना एक डोस दिला होता, मग राहून गेलं

सी-१०४: मग व्हेटला आजच फोन करा. आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लस निकामी करू शकतात, म्हणून ६-८ आठवड्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे असतात, त्यानंतर बूस्टर. आणि तोवर चपला दाराबाहेरच ठेवा

डी-२०३: वॉचमनला सांगून पार्किंग फिनाईलने धुवून घेतो

सी-१०४: फिनाईलने हा मरत नाही, सॅनिटायझरनेपण नाही, उलट फिनाईल मांजरांना घातक. आधी घाण साबणाने धुवून मग ब्लीच, १ भाग ब्लीच ३२ भाग पाणी, १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, कोरडं होईपर्यंत मांजरं लांब ठेवायची. ब्लीचमध्ये साबण किंवा फिनाईल मिसळू नका मात्र. माणसांना हा आजार होत नाही, मुलांची काळजी नको

ए-३०२: तिसरं वाचेल ना गं?

सी-१०४: व्हायरसवर थेट औषध नाहीये ताई, सलाईन, उलटी थांबायचं इंजेक्शन आणि बाकीचं इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिक चालू आहे. पहिले ५ दिवस निघाले तर आशा वाढते म्हणाले. वाचलं तरी काही आठवडे शीतून व्हायरस पडत राहतो, म्हणून माझ्या बाथरूममध्ये वेगळं ठेवणारे. चौथं भुरं पिल्लू कुणी पाहिलं का? काल रात्रीपासून शोधतेय

ए-५०४: मीटर रूमच्या मागे आहे. भांड्यातल्या पाण्यावर मान टाकून बसलंय

सी-१०४: तिथेच थांबा, टॉवेल आणि बास्केट घेऊन येतेय. कुणाची गाडी आहे का आत्ता खाली?

डी-२०३: माझी आहे, काढतो