गाडी घाटात तापते, पण कूलंटची बाटली भरलेलीच! (मदत हवी आहे)

वाईकर_जावई

नमस्कार मंडळी. पेट्रोल भरण्यापलीकडे मला गाडीतलं फार कळत नाही, हे आधीच कबूल करतो. तीन ठिकाणी दाखवली, तिघांनी तीन रोग सांगितले, म्हणून इथे विचारतोय.

गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, ९८ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

मे महिन्यात पुण्याहून सासरी वाईला निघालो होतो. दुपारचा एक, एसी चालू, आम्ही चौघं आणि डिकीत आंब्याची पेटी. खंबाटकी चढताना पुढे कंटेनर, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चाललो होतो. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा मधून हलला आणि बघता बघता लाल पट्ट्याला टेकला. गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं तर वाफ आणि पाकासारखा गोडसर वास. एक भला माणूस ओलं फडकं घेऊन थेट रेडिएटरचं झाकण उघडायलाच आला. बायकोने त्याला ओरडून थांबवलं म्हणून बरं.

चाळीस मिनिटं थांबलो. कूलंटची बाटली पाहिली तर मॅक्सच्या रेघेच्याही वर! म्हणजे पाणी कमी नाही, तरी गाडी तापली?

१. सुरूर फाट्याजवळच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह म्हणे) काढून टाकला (‘आपल्या हवेला लागतच नाही साहेब’) आणि नळाचं पाणी भरून दिलं. येताना बोगद्याने आलो, काही त्रास नाही.
२. पुण्यातला मेकॅनिक म्हणतो रेडिएटर चोक झालाय, नवीन टाका, ७,५०० रुपये.
३. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले बाटलीत बुडबुडे दिसतात, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं असणार. हेड उघडावं लागेल, २४ हजारांच्या आसपास.

आता अवस्था अशी: सकाळी काटा वरच येत नाही, अ‍ॅव्हरेज १६ वरून १३ वर आलंय, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावला की काटा पाऊण भागापर्यंत जातो. आधी काय बघू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निम्मा_पुणेकर

थर्मोस्टॅट काढला ते उत्तम केलंत. माझ्या जुन्या डिझेलचा काढून आठ वर्षं झाली, गाडी बर्फासारखी थंड असते. रेडिएटर बदला आणि विषय संपवा.

तेलकट_हात

@निम्मा_पुणेकर, गाडी बर्फासारखी थंड असणं हाच तर रोग आहे हो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन पटकन तापतं. तो काढला की इंजिन तासभर गारठलेलं राहतं. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून थंडी आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो. जावईबापूंचे तीन किलोमीटर इथेच गेलेत. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते. तो नसला की अर्धं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, मग ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जास्तच तापते.

@वाईकर_जावई, एक रुपयाही खर्च करण्याआधी या गोष्टी करा आणि इथे लिहा.

उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, रेडिएटरचं झाकण उघडा. बाटलीचं नव्हे, रेडिएटरचं. पाणी तोंडाशी भिडलेलं आहे का? नसेल तर बोट घालून किती खाली आहे ते बघा.

झाकण उलटं करा. खाली रबराची चकती आणि मधोमध छोटा व्हॉल्व्ह दिसेल. तो नखाने हलकेच ओढा, सोडल्यावर टप्प करून परत बसला पाहिजे.

मग गाडी चालू करून एसी लावा, पंखा फिरतो का बघा. मग एसी बंद करून, इंजिन चालूच ठेवून, पंधरा मिनिटं नुसती उभी ठेवा. एसीवर पंखा फिरणं आणि पाण्याच्या तापमानावर फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही तपासा.

बुडबुड्यांवरून हेड उघडायला कोणी सांगत असेल तर आधी ब्लॉक टेस्ट मागा. रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रव असलेली नळी लावतात. सायलेन्सरमधून जायचा वायू पाण्यात उतरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटांचं काम आहे. नुकतंच पाणी भरलेलं असताना, हवा नीट काढलेली नसेल, तर बुडबुडे तसेही येतात. ऑइलची डिपस्टिक दुधाळ आहे का, सकाळी सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, तेही बघा.

मनीमाऊ

अवांतर: पार्किंगमध्ये कूलंट सांडू देऊ नका. चव गोड असते, कुत्री-मांजरी चाटतात आणि त्यांच्या किडन्या निकामी होतात. आमच्या सोसायटीतलं एक कुत्रं असंच गेलं.

वाईकर_जावई

तेलकट_हात, धन्यवाद. आज सकाळी साडेसहाला पायजम्यावरच खाली गेलो.

झाकण उघडलं तर पाणी दिसेचना! बोट अख्खं आत गेलं तरी कोरडं. शेवटी मुलीची कंपासमधली पट्टी घातली, ती जवळपास १० सेंटीमीटर खाली ओली झाली. आणि शेजारची बाटली? काठोकाठ. हे कसं शक्य आहे?

झाकणाचं रबर दगडासारखं झालंय, त्यावर गोल चर पडलाय. मधल्या व्हॉल्व्हवर पांढरा थर आहे, नखाने हलतच नाही. पंखा एसीवर लगेच फिरला, आणि एसीशिवाय सतराव्या मिनिटाला आपणहून सुरू झाला. डिपस्टिक स्वच्छ, धूर नाही.

आणखी एक कबुली. गेली चार-पाच वर्षं मी बाटलीत सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी घालत आलोय.

तेलकट_हात

सापडला तुमचा चोर. बाटली तुम्हाला फसवत होती.

गाडी तापली की पाणी फुगतं, दाब वाढतो. झाकण ठराविक दाबापर्यंत ते आत दाबून धरतं. तुमच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असेल, तो बारमधला दाब. त्यापुढे गेलं की जास्तीचं पाणी बारीक पाइपातून बाटलीत सोडतं. गाडी थंड झाली की आत पोकळी तयार होते आणि मधला छोटा व्हॉल्व्ह उघडून तेच पाणी परत ओढून घेतो. तुमचा हा परतीचा दरवाजाच क्षाराने चिकटलाय. पाणी बाटलीत गेलं ते गेलंच, बाटली भरली की वरून सांडलं, आणि रेडिएटर रोज थोडा थोडा रिकामा होत गेला. तुम्ही बघत होता बाटली.

दुसरं नुकसान दाबाचं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. एक बारचं झाकण नीट धरत असेल तर ते १२९च्या आसपास जातं. तुमचं झाकण दाब धरत नाही आणि आत बहुतेक नुसतं बोअरचं पाणी, म्हणजे शंभरलाच खदखदायला लागणार. हायवेवर ८०च्या वेगाला समोरून वारा असतो म्हणून निभावतं. घाटात वेग वीसचा, इंजिनवर लोड पूर्ण, एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या तोंडावरच गरम हवा फेकतोय. तिथे लगेच उघडं पडतं.

आता क्रम असा. आधी त्याच दाबाचं, कंपनीचं झाकण. नवीन थर्मोस्टॅट त्याच्या रबर रिंगसकट. मग फ्लशिंग. रेडिएटरचा खालचा बोल्ट काढला की जेमतेम निम्मं पाणी निघतं, बाकीचं इंजिन ब्लॉकमध्ये राहतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरून, गाडी पंखा लागेपर्यंत चालवून, पूर्ण थंड करून पुन्हा सोडायचं, असं दोन-तीनदा, स्वच्छ येईपर्यंत. आत जुनं पाणी उरतंच, म्हणून शेवटी रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) नको. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) घ्या. एकूण क्षमता मॅन्युअलमध्ये असेल, तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग वर डिस्टिल्ड. ‘जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड’ समजून नुसतं कॉन्सन्ट्रेट भरू नका. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस, ग्लायकॉल त्याच्या मागे.

आणि रेडिएटर बदलायची घाई नको. हल्ली कोअर अ‍ॅल्युमिनियमचे आणि टाक्या प्लास्टिकच्या असतात. पूर्वीच्या पितळी रेडिएटरसारखं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) कोणी करून देतो म्हणाला तर नको म्हणा.

बर्फातला_माणूस

मिनेसोटातून लिहितोय. इकडे कूलंटला सगळे अँटिफ्रीझच म्हणतात, कारण निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी असलं तर एका रात्रीत ब्लॉक फुटेल. तुमच्याकडे गोठायची भीती नाही म्हणून लोक नळाचं पाणी घालतात, पण त्यातली गंज न चढू देणारी रसायनं मुंबई-पुण्यातही तेवढीच लागतात. हिरवं-गुलाबी रंगावर जाऊ नका, रंगाचं कुठलंच मानक नाही. दोन प्रकार मिसळले तर आत चिखल होऊ शकतो.

निम्मा_पुणेकर

तेलकट_हात, माझ्या डिझेललाही परत थर्मोस्टॅट टाकू म्हणता? (हळूच विचारतोय.)

तेलकट_हात

टाका. आणि आठ वर्षांचं डिझेल मोजू नका, त्रास होईल.

वाईकर_जावई

अपडेट देतो. झाकण २८० रुपये, थर्मोस्टॅट टाकला, मेकॅनिककडे उभं राहून तीनदा फ्लश करून घेतलं. पहिलं पाणी चहासारखं निघालं, वर तांबडे कण. ब्लॉक टेस्टही केली, निळं निळंच राहिलं. २४ हजार वाचले.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर पुन्हा दोन बोटं खाली! बाटली परत वर. नवीन झाकणही खराब?

तेलकट_हात

नाही. झाकणाच्या मानेपासून बाटलीपर्यंत जाणारा बारीक रबरी पाइप काढून वाकवून बघा, विशेषतः क्लिपखालचा भाग. तिथे चीर असेल तर परतीच्या वेळी पाण्याऐवजी हवा ओढली जाते. बाटलीतलं टोक तळाजवळ पाण्यात बुडालेलं आहे ना, तेही बघा.

वाईकर_जावई

बरोब्बर! क्लिपखाली केसाएवढी चीर होती, वाकवल्याशिवाय दिसलीच नसती. फूटभर पाइप, ४० रुपये. आता आठ दिवस रोज सकाळी बघतोय, रेडिएटर तोंडाशी भरलेला. बायको म्हणते देवपूजा एवढ्या नेमाने केली नाहीस कधी.

रविवारी मुद्दाम खंबाटकी चढून आलो. पुढे उसाचे दोन ट्रॅक्टर, एसी चालू, काटा मधून हलला नाही. अ‍ॅव्हरेज पुढच्या टाकीला सांगतो.

एक शेवटचं. बाटली आतून तपकिरी झालीय, पातळी नीट दिसत नाही. ब्रश आत जात नाही. नवीन घेऊ का?

तेलकट_हात

नको. काढा, मूठभर तांदूळ आणि कोमट साबणाचं पाणी घाला, तोंडावर तळवा दाबून खळखळवा. दोन-तीनदा केलं की निघेल. शेवटी डिस्टिल्डने विसळा. फक्त ते पाणी झाडांना किंवा मनीमाऊंच्या कुत्र्यांच्या वाटेत ओतू नका.

वाईकर_जावई

बासमती की कोलम? :-)

तेलकट_हात

रेशनचा. बासमती वाईला न्या.