तीन चौकटी, मधे र, शेवटी ण: असे शब्द यादीतून कसे शोधायचे?

ऐरोली_कट्टा
ज्येष्ठ नागरिक कट्ट्यासाठी दर आठवड्याला शब्दकोडं बनवायचं आहे. मराठी शब्दांची यादी गूगल शीट्समध्ये आहे, एका ओळीत एक शब्द. हवंय ते असं: तीन चौकटी, दुसरीत र, तिसरीत ण, पहिलीत काहीही. 'लेन' हे लांबी मोजायचं सूत्र लावून ३ लांबीचे शब्द गाळले तर वरण, धरण, मरण, शरण मिळतात. पण तोरण, पुरण, कारण, स्मरण गायब. आणि 'वाशी'ची लांबी म्हणे ४! प्रोग्रॅमिंग येत नाही. शीट्समध्येच जमेल का?

कोपरी_पूर्व
जमेल. 'लेन' अक्षरं मोजत नाही, युनिकोडची (संगणकात लिपी साठवायच्या पद्धतीची) चिन्हं मोजतं. तोरण म्हणजे त, ओची मात्रा, र, ण अशी चार. 'स्मरण'ची पाच, कारण पाय मोडल्याची खूण (हलन्त) हेसुद्धा एक चिन्ह. तुर्भे दोन चौकटींत बसतं, पण लेन सांगणार ६. म्हणून लांबीवर गाळायचा नाद सोडा. आधी प्रत्येक शब्दाचे चौकटीप्रमाणे तुकडे पाडून शेजारच्या रकान्यात ठेवा, शोध त्या रकान्यावर घ्या.

तुकडे पाडायला 'रेजेक्स-रिप्लेस' हे सूत्र (रेजेक्स म्हणजे साचा देऊन मजकूर शोधायची पद्धत). त्यात शोधायचा साचा हा:

((([क-ह]्)*[क-ह][ा-ौ]?|[अ-औॲ])[ँ-ः]?)

बदली म्हणून डॉलरचं चिन्ह, त्याला लागून इंग्रजी एक आणि मग तिरपी रेघ. घोडबंदरचं घो/ड/बं/द/र/ होईल, तुर्भेचं तु/र्भे/. साचा हाताने टाइप करू नका, इथूनच उचला. कंसातल्या सुट्या मात्रा पडद्यावर विचित्र दिसतात, त्याकडे लक्ष देऊ नका. (ळ वेगळा लिहिलेला नाही, कारण आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येत असला तरी युनिकोडने त्याला ल आणि व यांच्या मधे बसवलंय.)

चौकटी किती, हे हवं असेल तर तुकडे पाडलेल्या शब्दाच्या लेनमधून मूळ शब्दाचं लेन वजा करा. घोडबंदर: १२ वजा ७, म्हणजे ५.

आता 'फिल्टर'मध्ये 'रेजेक्स-मॅच' घालून, तुकड्यांच्या रकान्यावर:

^[^/]+/र/ण/$

तोरण, पुरण, धोरण, कारण, स्मरण सगळे येतील. र ला मात्रा चालणार असेल तर

^[^/]+/र[ा-ौ]?[ँ-ः]?/ण/$

म्हणजे हरिण, तरुण, करुण यांचीही भर पडेल. इथे आळस करून र[^/]* लिहिलंत तर अर्पण आणि दर्पण घुसतात. रफारातला र युनिकोडच्या हिशेबी र्प च्या सुरुवातीलाच असतो.

नेरूळ_सेक्टर
रेजेक्समध्ये अक्षर मोजायला बॅकस्लॅश-मोठा-एक्स असतो ना? एवढा लांब साचा कशाला?

कोपरी_पूर्व
शीट्सचं रेजेक्स ते ओळखतच नाही. इतरत्र चालतं, पण भरवसा नाही. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधनं तुर्भेचे तु, र्, भे असे तीन तुकडे करतात. एकच यादी दोन ठिकाणी दोन उत्तरं देते, आणि चूक कुठे आहे ते दिसतही नाही.

ऐरोली_कट्टा
झकास चाललंय! फक्त 'दुसऱ्या' काही ओळींत ३ चौकटींचा, काही ओळींत ४ चा येतोय. दिसायला दोन्ही सारखेच.

पाचपाखाडी
तो ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खास ऱ हे चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. जोडक साच्यात नाही, म्हणून अक्षर तिथे तुटतं. तुकडे पाडण्याआधी 'सबस्टिट्यूट'ने यादी धुऊन घ्या. जोडकासाठी 'युनिकॅर' आणि कंसात ८२०५ (आकडे इंग्रजीत). आधी र-हलन्त-जोडक या तिघांच्या जागी ऱ-हलन्त घाला, मगच उरलेले जोडक आणि ८२०४ (हा न दिसणारा विभाजक) काढून टाका. क्रम उलटा केलात तर 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होऊन बसेल आणि मागे फिरता येणार नाही.

त्याच फेरीत अ आणि ॅ असे सुटे लिहिलेले जोडून एकच ॲ करा. तसं न केल्यास 'ॲप'च्या चौकटी दोनच दिसतात, पण ॅ पुढच्या प ला चिकटते आणि शोधात शब्द सापडत नाही. शब्दाच्या शेवटचा हलन्तही काढा: अर्थात्, परिषद् आता पूर्ण अक्षराने लिहितात.

नौपाडा_कोडी
यादी कुठून घेतलीत? स्पेलचेकच्या हनस्पेल फाइलमधून असेल तर पहिली ओळ म्हणजे नुसता शब्दांचा आकडा, ती काढा. शब्दापुढे तिरपी रेघ आणि खुणा असतील तर त्याही, नाहीतर तुमच्या रेघांशी गोंधळ होईल.

मोल्सवर्थच्या कोशातून (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) घेतली असेल तर जास्त जपा. शब्दांचा खजिना आहे, पण लेखन १९६२ च्या नियमांआधीचं: नांव, गांव, केळें, कवि. चौकटींची संख्या तीच राहते, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. उभ्या शब्दात वी आणि आडव्यात वि आला की कोडं अडतं. शेवटचा अनुस्वार सरसकट काढला तर बहुतेक वेळा चालतं (स्वयं, एवं सोडून). मधला मात्र यंत्राने काढू नका, 'आंबा'चा 'आबा' होईल. तेवढे शब्द डोळ्यांखालून घालावेच लागतात.

आनंद/आनन्द, वेदांत/वेदान्त यांतलं एकच लेखन ठरवा आणि सगळ्या यादीला तेच लावा. माझं मत अनुस्वाराला. न्द आणि न्त च्या चौकटीला छेद देणारा शब्द शोधताना दमछाक होते, नं आणि दां ला त्या मानाने बरे मिळतात.