मदत हवी आहे: शाकाहारी आई-बाबांना घेऊन जपान (इन्सुलिन, जेवण, गुडघे आणि सामान)

पारिजातक_७

नमस्कार मंडळी. आई (६७) आणि बाबा (७१) यांना घेऊन आम्ही दोघं जपानला जायचं म्हणतोय. २५ एप्रिल ते ६ मे डोक्यात आहे, तिकिटं अजून काढलेली नाहीत. टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, ओसाका. बाबांना मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन पेन, शिवाय बीपीच्या गोळ्या. आईला जिने झेपत नाहीत. दोघंही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, कांदा-लसूण चालतो. औषधं किती नेता येतात, जेवणाचं काय करायचं, रेल्वे पास घ्यावा का, आणि सोबत काय न्यावं, एवढं सांगा. स्थळांची यादी नको, ती तयार आहे.

डोंगरवाट

सगळ्यात आधी तारखा बदला. २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात जपानमध्ये सरकारी सुट्ट्या लागून येतात, त्याला तिकडे गोल्डन वीक म्हणतात. सगळा देश घराबाहेर पडलेला असतो, हॉटेलांचे दर चढतात, आणि नोझोमी या टोकियो-ओसाका मार्गावरच्या सर्वांत वेगवान शिंकान्सेनला (बुलेट ट्रेनला) त्या दिवसांत बिनआरक्षणाचे डबेच नसतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या गर्दीत नेऊ नये. ८ मेनंतर निघा आणि मे संपायच्या आत परत या. हवा चांगली असते, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडचा पावसाळा सुरू होतो. चेरीचा बहर हवा असेल तर टोकियो-क्योटोत तो साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे तुमच्या आत्ताच्या तारखांतही तो मिळणार नव्हताच.

खलबत्ता

औषधांचं सविस्तर लिहितो, कारण यात चूक झाली तर विमानतळावरच अडचण होते.

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं स्वतःपुरती एक महिन्याची, आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांची, वेगळ्या परवानगीशिवाय नेता येतात. इन्सुलिन पेन आणि सुया याच एका महिन्यात धरा. त्याहून जास्त न्यायचं असेल तर निघण्याआधी 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून घ्यावं लागतं. तुमची सहल बारा दिवसांची आहे. दुप्पट साठा घ्या, म्हणजे पंचवीस दिवसांचा, आणि दोन हँडबॅगांत निम्मा-निम्मा ठेवा. एक बॅग हरवली तरी अडत नाही आणि मर्यादेच्या आतही राहता.

घोटाळा होतो तो सर्दी-खोकल्याच्या औषधांत. ज्यात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त आहे अशी औषधं आधी खास परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत, नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही. घरातल्या डब्यातून उचललेल्या प्रत्येक पट्टीच्या मागचे घटक वाचा. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप घरीच ठेवा. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांत काही घटकांना प्रमाणाची मर्यादा आहे, त्या घेत असतील तर नावं इथे टाका. गोळ्या मूळ पट्टीतच न्या. रविवार-सोमवारच्या खणांच्या डबीत भरलेली गोळी कुठली हे अधिकाऱ्याला कळत नाही. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, त्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव, मात्रा, आणि बाबांचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच.

इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. हीच भीती हॉटेलच्या छोट्या फ्रिजची. मागच्या भिंतीला टेकलेली वस्तू गोठते, म्हणून पेन पुढच्या बाजूला, दाराच्या कप्प्यात ठेवा. काही हॉटेलांत फ्रिजचं बटण बंद असतं, खोलीत शिरल्याबरोबर बघा. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालतं, तरी खोक्यावरची मुदत वाचा.

जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. जाताना दिवस लहान होतो आणि दोन डोसांमधलं अंतर कमी होतं. त्या दिवशीचे युनिट किती आणि कधी, हे डॉक्टरांकडून वेळेसकट लिहून आणा. साखर उतरली तर कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये 'रामुने' नावाच्या छोट्या पांढऱ्या गोळ्या मिळतात. बाटलीच्या आकाराच्या डबीतल्या मोरिनागाच्या रामुनेत ९० टक्के ग्लुकोज असतं. एक डबी बाबांच्या खिशात कायम असू द्या.

प्रवास विमा काढताना मधुमेह आणि बीपी जाहीर करा, आणि आधीपासूनचे आजार धरलेत का ते पॉलिसीत शब्दशः वाचा. रुग्णवाहिकेला ११९, पोलिसांना ११०.

मेतकूट_भात

जेवणाचं मुख्य दुखणं म्हणजे दाशी. हे तिथलं मूळ पाणी, बहुतेक वेळा बोनिटो माशाच्या सुकवलेल्या कापांचं. मिसो सूप, उडोनचं पाणी, सोबाबरोबरची वाटी, उकडलेल्या भाज्या, इनारी सुशीचं गोडसर टोफूचं आवरण, सगळ्यात ती असू शकते. दिसत काहीच नाही, त्यामुळे 'मांस नाही ना?' असं विचारलं की प्रामाणिकपणे 'नाही' असंच उत्तर येतं. म्हणून 'व्हेजिटेरियन' या शब्दावर विसंबू नका. घटक नावानिशी सांगा: 'निकु, साकाना, तामागो, दाशि वा ताबेरारेमासेन' (मांस, मासे, अंडं, दाशी आम्ही खाऊ शकत नाही). हे जपानी लिपीत छापून चार कार्डं करा आणि बसायच्या आधी दाखवा, ऑर्डर दिल्यावर नाही. गरम टोफूवर पातळ तपकिरी पापुद्रे हलताना दिसले तर तो मासाच.

कन्व्हिनियन्स स्टोअरच्या तांदळाच्या त्रिकोणी गोळ्यांत उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आलुबुखाऱ्याचा, प्रकार त्यातल्या त्यात बरा, तरी त्यातही कधी माशाचा अर्क असतो. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघितल्याशिवाय घेऊ नका. दह्यात जिलेटिन आणि ब्रेडमध्ये लार्ड किंवा अंडं, हेही तपासा.

निर्धास्त जागा: टोकियो स्टेशनच्या गेटच्या आतलं 'टीज तानतान', तिथलं रामेन पूर्ण वनस्पतीजन्य असतं. क्योटोच्या अराशियामात तेनर्यू-जी मंदिराच्या आवारातलं 'शिगेत्सु', तिथे शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण, मिळतं. बैठक जमिनीवरची असू शकते, आईंसाठी खुर्चीचं आधी विचारा. टोकियोत घरच्यासारखं हवं झालं तर निशि-कासाई गाठा. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात.

बाबांचं इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी बांधलेलं असेल, तर शाकाहारी ठिकाण शोधण्यात तासभर गेला तरी पंचाईत. म्हणून टोचून मग हॉटेल शोधायचं असं करू नका. ताट समोर आल्यावर टोचा, आणि पर्समध्ये कायम एका माणसाचं पोटभर खाणं ठेवा.

नेण्यासारखं: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, ठेपले, चिवडा, गरम पाण्यात होणारे पोहे-उपमा. तिथल्या सुपरमार्केटात शिजवलेला भात सीलबंद वाडग्यात मिळतो, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. त्यावर मेतकूट आणि साधं दही, रात्र निघते. न्यायचं नाही: कच्चे तांदूळ, डाळी, कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, कुठलंही ताजं फळ. यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मे महिना आहे म्हणून कुणासाठी हापूसची पेटी उचलू नका, ती विमानतळावरच जाईल. मांसाचं काहीही अजिबात नाही.

पारिजातक_७

खूप आभार, तारखा १० मेनंतर ढकलतो. छोटा इलेक्ट्रिक कुकर सोबत घ्यावा का? आणि पासचं काय?

तारतंत्र

कुकर नको. तिकडे वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा कुकर तिथे जेमतेम एक-पंचमांश उष्णता देईल, भात शिजणार नाही. किटली बहुतेक हॉटेलांच्या खोलीत असते. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४०' छापलेलं असतं, ते चालतात. फक्त दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागेल. चौघांत दोन अ‍ॅडॉप्टर आणि एक चार तोंडांचा यूएसबी चार्जर पुरे.

रूळवाट

सात दिवसांचा देशव्यापी पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येनचा झाला, आधी २९,६५० होता. टोकियो ते क्योटो नोझोमीचं आरक्षित तिकीट साधारण १४,००० येन. तुमच्या मार्गाला पास तोट्याचाच. त्याहून चांगलं म्हणजे विमानाचं तिकीट टोकियोत उतरून ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत असं काढा, उलट फेरी वाचते. हाकोनेहून क्योटोला ओडावारा स्टेशनातून गाडी घ्या. तिथे नोझोमी थांबत नाही, कोदामा गाड्या सगळ्या थांबतात आणि हिकारी गाड्या मोजक्या. साध्या डब्यात ई क्रमांकाची खिडकी मागा, फूजी त्या बाजूला येतो.

सामानाचा नियम पाळा: लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीपेक्षा जास्त असलेल्या बॅगेला मोठ्या सामानाच्या जागेसह सीट आरक्षित करावी लागते. चाकं आणि मूठ धरून टेपने मोजा. बिनआरक्षण नेलीत तर १,००० येन. खरं तर मोठ्या बॅगा गाडीत न्यायच्याच नाहीत. हॉटेलच्या काउंटरवर ताक्युबिन (सामान पोचवणारी कुरियर सेवा) सांगा. सकाळी दिली तर टोकियोची बॅग दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात पोचते, एका मोठ्या बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन. एका रात्रीचे कपडे पाठीवर घ्या आणि निघा. हाकोनेच्या दिवशी याचा फार उपयोग होतो.

लोकल-मेट्रोसाठी प्रत्येकाला वेगळं सुइका किंवा पासमो कार्ड. आयफोनमध्ये ते घेता येतं, भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये नाही. रोख पैसे सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून निघतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार निघण्याआधी चालू करा.

खलबत्ता

रूळवाट यांच्या ताक्युबिनला एक जोड: इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, गोळ्या यातलं काहीही त्या बॅगेत जाता कामा नये.

डोंगरवाट

आईंसाठी: लिफ्ट जवळपास प्रत्येक मोठ्या स्टेशनात आहे, पण ती एखाद्याच दाराला. हॉटेल 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असलं तरी लिफ्टच्या दारापासून किती, ते नकाशावर बघूनच बुक करा. क्योटोत बसला मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे पैसे टाकायचे, २३० येन, सुटे नेमके. गर्दी फार असते, चौघे असाल तर टॅक्सी घ्या. तिचं दार आपोआप उघडतं, ओढू नका. फुशिमी इनारी मंदिरात वरपर्यंत चढू नका, सुरुवातीच्या लाल कमानी बघून परत फिरा. कियोमिझु मंदिराचा चढ लांबचा आहे, नाराचं हरणांचं मैदान मात्र सपाट. बूट बिनलेसचे, कारण मंदिरात सारखे काढावे लागतात.

चौकट

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. अर्ज व्हीएफएसमार्फत. दिवसवार कार्यक्रम लागतो, त्यातली हॉटेलं आणि बुकिंगची कागदपत्रं जुळली पाहिजेत. आई-बाबांचा खर्च तुम्ही करणार असाल तर नात्याचा पुरावा आणि तुमचे आर्थिक कागद त्यांच्या अर्जाला जोडा. पर्यटनाचा व्हिसा आता ई-व्हिसा म्हणून मिळतो, आणि विमानतळावर तो मंजूर झाल्याची सूचना इंटरनेटवर उघडून पडद्यावर दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील प्रत चालत नाही. चौघांचीही सूचना एखाद्या चालू नेट असलेल्या फोनवर उघडता येते का, हे घरून निघण्यापूर्वी करून बघा. आई-बाबांच्या फोनमध्ये रोमिंग किंवा ई-सिम नसेल तर तुमच्या फोनचा हॉटस्पॉट चालतो. 'व्हिजिट जपान वेब'वर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती भरून ठेवा, एकाच खात्यात सोबतच्या कुटुंबीयांची नावं जोडता येतात.