मदत हवी आहे: भैषज्यगुरू बुद्धांच्या मूर्तीवर पोपटी ठिपके

नमस्कार मंडळी. पप्पांच्या आजारपणात आत्यानं कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतून भैषज्यगुरूंची, म्हणजे आजार बरे करणाऱ्या बुद्धांची, मूर्ती आणली. वीतभर उंच, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. चेहऱ्याचं सोनं जरा मंद, केस गडद निळे. डाव्या हातात पात्र, उजव्या हातात हिरड्याची डहाळी. घरात आजवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटोच होते, रोज वंदना व्हायची. मूर्ती सांभाळायची सवय कुणालाच नाही. (गोळ्या-औषधं चालूच आहेत, त्यावरून सल्ले नकोत.)

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत तळमजल्यावर राहतो. पावसाळाभर भिंतीला ओल असते. आता मूर्तीच्या पाठीवर, चीवराच्या (अंगावरच्या वस्त्राच्या) घडीत, पोपटी ठिपके आलेत. बोट लावलं की पिठासारखं हाताला लागतं. आई म्हणते, "पितांबरी घे आणि चिंचेनं घास की, लखलखीत होईल." मी अजून हात लावू दिलेला नाही.

ठिपके काढू कसे? बैठकीखाली पत्रा ठोकलाय आणि हलवलं की आत काहीतरी सरकतं. आत ओल गेली असेल तर उघडून बघू का? समोरच्या पाण्याच्या वाट्यांमुळे हे होतंय का? आणि चित्रांत भैषज्यगुरूंचं अंग निळं असतं, आमची मूर्ती सोनेरी कशी?

प्रतिसाद १
ताई, आईंना थांबवलंत ते बरं केलंत. पितांबरी, चिंच, लिंबू हे सगळं घरच्या तांब्या-पितळेसाठी. मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की दोनचारदा घासलं की खालचं लाल तांबं दिसायला लागतं. चेहऱ्याचं मंद सोनं बहुतेक सरसात कालवून लावलेली सोन्याची पूड असणार, ते ओल्या फडक्यानंसुद्धा उठतं. निळा रंगही तसाच. तिथे फक्त मऊ कोरडा ब्रश, तोही हलक्या हातानं.

पोपटी पीठ मात्र गांभीर्यानं घ्या. जुन्या तांब्याचा गडद, घट्ट हिरवा थर निरुपद्रवी असतो. हे भुसभुशीत प्रकरण क्लोराइडचं असू शकतं. हाताच्या घामातलं मीठ धातूवर बसतं, ओल मिळाली की आतून खात राहतं. वरचं पीठ झटकून थांबत नाही. आधी मूर्ती कोरडी करा: झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) टाकून ठेवा. परत ठेवताना भिंतीपासून लांब, आणि उचलताना सुती हातमोजे. डब्यातही ठिपके वाढले तर धातूच्या वस्तूंचं संवर्धन करणाऱ्यालाच दाखवा. टाउन हॉल म्युझियममध्ये चौकशी करा, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती तिथेच आहे.

प्रतिसाद २
पत्रा अजिबात उघडू नका. तिबेटी रिवाजात मंत्रांच्या गुंडाळ्या, धूप, कधी धान्य किंवा औषधी वनस्पती आत भरून विधीनं बंद करतात. सरकतंय ते तेच असेल. उघडलीत तर विधी पुन्हा करावा लागतो.

वाट्या सकाळी भरून संध्याकाळी रिकाम्या करायच्या आणि पुसून पालथ्या घालायच्या, अशी पद्धतच आहे. मूर्तीला चिकटून ठेवू नका, बस्स. उदबत्ती मात्र थोडी लांब लावा, काजळी घड्यांत बसते.

निळ्या रंगाचं म्हणाल तर पूर्ण नावातच 'वैडूर्यप्रभ' (वैडूर्य या निळ्या रत्नासारखी प्रभा असलेला) आहे, म्हणून चित्रात अंग निळं. मुलाम्याच्या मूर्तीत बहुधा केसच निळे रंगवतात. ओळख पटते ती हिरड्यावरून.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. आजच डब्यात ठेवते. सुटं सिलिका जेल लक्ष्मीपुरीत मिळेल का? वीतभर मूर्तीला साधारण किती लागेल?