झूम केल्यावर येणारे दाणे
मँडलबल्ब या त्रिमितीय फ्रॅक्टलमध्ये (आत जावं तितका नवा तपशील दाखवणारा गणिती आकार) झूम केलं की चित्रावर दाणे दिसतात, त्याला बरेच जण फ्लोटलाच, म्हणजे संगणकातल्या दशांश आकड्यांच्या मर्यादित अचूकतेलाच जबाबदार धरतात, ते अर्धंच खरं आहे. ३२ बिटच्या फ्लोटला साधारण ७ अंकच मिळतात, खूप आत गेल्यावर तो अडतोच, पण थोड्याशा झूमला नाही. आधी रे मार्चिंग (प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडून तो आकाराच्या पृष्ठभागाकडे टप्प्याटप्प्याने नेणं) पृष्ठभागापासून किती अंतरावर थांबवताय ते बघा. बऱ्याच कोडमध्ये ०.००१ असा ठरलेला आकडा असतो, त्याने जवळचा भाग मेणासारखा गुळगुळीत दिसतो आणि लांबचा पिक्सेलपेक्षा बारीक शोधत बसतो, दाणे तिथलेच. त्याऐवजी किरणाने कापलेलं अंतर गुणिले एका पिक्सेलचा कोन अशी मर्यादा ठेवा, नॉर्मल (पृष्ठभाग कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते) काढतानाही तीच.

वेगही वाढतो, कारण लांबचे किरण लवकर थांबतात; एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर ३२ थ्रेड (एकेका किरणाचं काम) एकत्र चालतात, एक किरण कडेला रेंगाळला की बाकीचे नुसते ताटकळतात. डबल (६४ बिटचे आकडे) मात्र अगदीच नाइलाज झाला तर, गेमिंग कार्डांवर ते भयंकर स्लो चालतं.