युकुलेलेला प्लास्टिकचा फ्रेटबोर्ड घेतला तर काय बिघडलं?

नौपाडेकरीण:
घरात तीन दिवस हाच विषय चाललाय, म्हणून इथे टाकतेय. भाचा डिसेंबरात अमेरिकेहून येतोय आणि मावशीसाठी युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) आणणार आहे. दोन वर्षं मी खालच्या मजल्यावरच्या मुलीचं उसनं घेऊन वाजवतेय, आता स्वतःचं हवं. ठरलंय ते फ्लूक नावाचं. १९९९ पासून निघतंय. पाठ साच्यातल्या प्लास्टिकची, वरचा तक्ता लाकडाचा, बूड सपाट, म्हणजे टेबलावर आपलं आपण उभं राहतं. (आमच्याकडे भिंतीला टेकवलेली वस्तू आठवड्याच्या आत पडते, तेव्हा हा मुद्दा लहान समजू नका.)

अडलंय फ्रेटबोर्डवर, म्हणजे मानेवरच्या ज्या पट्टीवर तारा दाबतात तिच्यावर; तिच्यावरच्या आडव्या उंच रेघा म्हणजे फ्रेट. एक प्रकार प्लास्टिकचा, फ्रेटही त्याच साच्यातून निघालेले, सगळं अखंड. दुसरा लाकडी, त्यात धातूचे फ्रेट ठोकलेले, त्याला पैसे जास्त. भाचा आणि नवरा एका बाजूला: लाकडीच.

माझं मत, ठाण्यात प्लास्टिक. जुनी इमारत, जुलैत चपलांवर बुरशी येते, मीठ डब्यात ओलं होतं. माझी कॉलेजातली गिटार कपाटावर होती, तिसऱ्या पावसाळ्यात तिचा ब्रिज (पोटावरची तारा अडकवायची पट्टी) उचकटून हातात आला. तेव्हापासून लाकडाचं कौतुक मला कुणी सांगू नये. प्लास्टिक म्हणजे खेळणं ही आपली जुनी अढी आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट भांडावं.

शिसवी:
भांडतो. ब्रिज उचकटला त्यात फ्रेटबोर्डने काय घोडं मारलं? ब्रिज पोटावर चिकटवलेला असतो. गोंद सुटला, ब्रिज सुटला. आणि तुम्ही जे घेताय त्याचा तक्ता लाकडाचा, मान मेपलची. पावसात जे पोट फुगायचं ते दोन्ही प्रकारांत सारखंच फुगणार. फ्रेटबोर्ड प्लास्टिकचा घेऊन पावसापासून वाचलो असं वाटत असेल तर ते छत्री पायाला बांधण्यासारखं आहे.

दुसरं. पावसाळ्यात तुमचं बाथरूमचं दार घट्ट बसतं ना? कुठे घासतं ते बघा, चौकटीच्या उभ्या बाजूला. लाकूड आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. फ्रेटबोर्डच्या रेषा लांबीच्या दिशेने असतात. म्हणजे फ्रेटमधली अंतरं पावसाने बदलत नाहीत, सूर त्या कारणाने बिघडत नाही. फुगला तर रुंदीत केसभर फुगेल.

नौपाडेकरीण:
छत्रीचं वाक्य चांगलं होतं, चिडायला हवं होतं पण हसले. पोटाचा मुद्दा मान्य. पण यूट्यूबवर एक बाई दाखवत होत्या, लाकडी बोर्डच्या कडेला फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहात खरचटतो. त्याचं काय?

शिसवी:
तो आजार कोरड्या हवेचा. हिवाळ्यात घरात हीटर लावून बसतात, लाकूड आटतं, धातू आटत नाही, टोकं बाहेर येतात. आपल्याकडे जुलैत आर्द्रता ८०च्या वर. वाद्याला ४५ ते ५५ टक्के बरी असं सांगतात. टोकं बाहेर यायची वेळ आली तर ती रात्रभर एसी चालणाऱ्या बेडरूममध्येच येईल. तुमच्या घरात एसी आहे का?

नौपाडेकरीण:
आहे. नवऱ्याच्या हट्टाने. 🙂

वर्तकनगरचा तारवाला:
मी दोन्ही बाजूंनी पोळलोय, म्हणून लिहितो. माझ्याकडे साच्यातल्या फ्रेटचं, पूर्ण प्लास्टिकच्या बोर्डचं युकुलेले आहे. पहिलं वर्ष झकास. मग मला खालचा जी हवासा वाटला. युकुलेलेची चौथी तार मूळ चढ्या जीला असते, सूर जी-सी-ई-ए. काही जण तिथे एक सप्तक खालचा जी लावतात, गाण्याला खर्ज येतो. मी धातूची गुंडाळी असलेली तार लावली. आठ महिन्यांत दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर त्या एका तारेखाली खाच पडली, नखाने कळेल अशी. आता तिथे बोट ठेवलं की झिणझिण येते.

दुरुस्तीला नेलं. कारागिराने पाहिलं आणि परत दिलं. लाकडी बोर्ड असता तर तो एक फ्रेट उपटून नवा ठोकला असता. इथे फ्रेट आणि बोर्ड एकच, काय उपटणार? बारीक पॉलिश पेपरने सगळेच फ्रेट खाली आणता येतील, पण ते एकदाच, फार तर दोनदा.

चूक माझीच. नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनची साधी तार असती तर हे झालं नसतं. ही बाब मला विकत घेताना कुणी सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही.

शिसवी:
याला म्हणतात पुरावा. लाकडी बोर्ड १५ वर्षांनी नवे फ्रेट मागेल, तेव्हा ते मिळतील. प्लास्टिक एकदा झिजलं की भंगारवाल्याकडे. आमच्या आजीच्या शिसवी देव्हाऱ्याला अजून काही झालेलं नाही.

सीवूड्सवाली:
देव्हाऱ्यावर रोज कोण तार दाबतं, शिसवीदादा?

जरा मागे जाऊ. युकुलेले १८७९ नंतर हवाईत घडलं, मदेरा बेटावरून बोटीने आलेल्या पोर्तुगीज सुतारांनी आपल्या छोट्या वाद्यावरून बनवलं. ते लोक फर्निचरचं काम करणारे. हाताशी लाकूड होतं, म्हणून लाकूड. वाद्याच्या धर्मात लाकूड लिहिलेलं नाही. पुढे १९४९मध्ये मारिओ मॅकाफेरीने पॉलिस्टायरीनचं आयलँडर बाजारात आणलं, फ्रेटबोर्डसकट प्लास्टिक, आणि ते लाखोंनी खपलं. हा माणूस कुणी खेळणीवाला नव्हता. सेल्मर कंपनीसाठी त्याने आखलेल्या गिटारी जँगो राइनहार्ट हा नावाजलेला जॅझ गिटारवादक वाजवायचा.

शिसवी:
हो, आणि जँगो वाजवायचा त्या लाकडाच्या होत्या. 😄 मॅकाफेरीने उस्तादाला लाकूड दिलं आणि गर्दीला प्लास्टिक.

सीवूड्सवाली:
गर्दीला वाद्य मिळालं हे तुम्हाला कमी वाटतं? तेव्हा कित्येक घरांत पहिलं वाद्य तेच आलं असेल. मूळ प्रश्न विचारणारी ताई उस्ताद होणार नाहीये (माफ करा ताई), तिला संध्याकाळी चार गाणी म्हणायची आहेत.

नौपाडेकरीण:
माफ केलं. पाचवं गाणंही येतं आता.

जवारी:
मी सतार शिकतोय, त्यामुळे ही चर्चा मला थोडी गमतीची वाटते. आमच्याकडे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले, हवे तसे सरकवता येतात, आणि तार दांडीला टेकतच नाही. खाली तूण लाकूड आहे की आणखी काही, हे बोटाला कळत नाही. युकुलेलेतही तार फ्रेटला टेकते, बोर्डला जेमतेम. तेव्हा आवाजासाठी विचारायचं ते फ्रेट कशाचा. बोर्ड कशाचा हा प्रश्न बोटाच्या सुखाचा.

आणि शुद्धतेचं म्हणाल तर मिरजेच्या तंबोऱ्यांवर आता जवारी (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) कृत्रिम पदार्थाचीही लावतात. पूर्वी हस्तिदंत, मग हाड. जुनी मंडळी नाक मुरडतात, मैफलीत बसली की त्यांनाही ओळखता येत नाही. निदान माझ्या गुरुजींना आली नाही, आणि ते मला अजून क्षमा करत नाहीत की मी ते सगळ्यांसमोर सांगितलं.

शिसवी:
बोटाचं सुख म्हणालात ना, तोच माझा मुद्दा. घामेजलेल्या बोटाखाली प्लास्टिक चिकटतं. लाकूड घाम पिऊन टाकतं.

उपवनचा डास:
चिकटण्यावरून. मी पूर्वी उपवन तलावाच्या काठावर संध्याकाळी वाजवायचो. डास म्हणजे काय विचारू नका, हाताला मलम चोपडून बसायचो. महिन्याभरात प्लास्टिकच्या फ्रेटबोर्डवर तीन-चार ठिकाणी बोटांचे ठसे उठले, चकाकी गेली, हात लावला की चिकचिक. मग डोक्यात प्रकाश पडला. अशा काही मलमांत डीट नावाचं रसायन असतं आणि ते बऱ्याच प्लास्टिकला मऊ करतं. घड्याळाच्या प्लास्टिकच्या काचा आणि चष्म्याच्या प्लास्टिकच्या फ्रेम याने खराब होतात, पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं.

ठाण्यात पावसाची भीती सगळे घालतात, डासांची कुणी घालत नाही.

सीवूड्सवाली:
डीट लाकडावरचं पॉलिशही खातं हो. फ्रेटबोर्डला बहुतेक पॉलिश नसतं म्हणून तो वाचेल, पोट नाही वाचणार. उपाय साधा, हात धुवून वाजवा.

वाशीचे मास्तर:
मी वाशीला मुलांना शिकवतो. खरं सांगू? तुम्ही सगळे चुकीच्या जागी खाजवताय.

नवशिक्याचं युकुलेले बेसूर वाटतं, त्याचं कारण दहात आठ वेळा नट (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) असतो, माझ्या वर्गापुरतं बोलतोय. नटातल्या खाचा उथळ राहिल्या की तार पहिल्या फ्रेटपाशी फार उंच बसते. दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. सोप्रानोची, म्हणजे नेहमीच्या लहान आकाराच्या युकुलेलेची तार जेमतेम ३४५ मिमी, आखूड तारेत हा चढ जास्त बोचतो. मग पालक म्हणतात, स्वस्त बोर्ड आहे हो. बोर्डचा काही दोष नसतो.

फ्रेटच्या जागांचं गणित ठरलेलं आहे. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. ३४५ मिमीला पहिला फ्रेट नटपासून साधारण १९.४ मिमीवर, मग उरलेल्याला पुन्हा भागायचं. साच्यात हे एकदा नीट बसवलं की प्रत्येक नग तसाच निघतो. साचा चुकला तर प्रत्येक नग चुकलेला, हेही खरं. स्वस्त लाकडी बोर्डवर मात्र एखादा फ्रेट अर्धवट ठोकलेला, एखादा वर आलेला, असं मी वर्गात दर वर्षी बघतो. म्हणून हलक्या किमतीत माझं मत प्लास्टिकला. महाग वाद्यात लाकडाला.

मुलांना पाठमोरं बसवून दोन्ही प्रकार वाजवून दाखवले होते. कुठलं कुठलं ते त्यांनी नाणं उडवल्यासारखं सांगितलं. मी स्वतः बसलो तेव्हा मलाही जमलं नाही. तारा बदलल्या तेव्हा मात्र सगळ्यांना लगेच कळलं.

शिसवी:
मास्तर, हे आधी सांगितलं असतं तर माझे अर्धे प्रतिसाद वाचले असते. तरीही लाकूडच. मत बदलत नाही, कारण बदलतो: दुरुस्त होतं.

कोलशेतचा कायदेपंडित:
भाच्याच्या सामानाची काळजी असेल तर, शिसवीच्या सगळ्या जाती २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आल्या आणि सीमेवर कागदपत्रांचा ताप झाला. २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन शिसवी सोडून, ती आधीपासून जास्त कडक यादीत आहे. एका युकुलेलेसाठी झोप उडवू नका. (वरच्या 'शिसवी' साहेबांना मात्र परवाना लागेल.)

शिसवी:
मी ब्राझीलचा नाही, कळव्याचा आहे.

नौपाडेकरीण:
सगळ्यांचे आभार, अगदी कोलशेतकरांचेही.

निर्णय तोच, प्लास्टिक. पण मी जे कारण घेऊन आले होते ते गेलं. पाऊस हे कारण नव्हतं, शिसवी बरोबर होते, आणि बाथरूमचं दार मी खरंच बघून आले, उभ्या बाजूलाच घासतं. आता माझी कारणं अशी: मला खालचा जी नको, चढाच आवडतो, म्हणजे गुंडाळीची तार माझ्याकडे येणार नाही. एसी चालू राहणार, त्यामुळे टोकं बोचायचा प्रश्न नको. आणि जास्तीचे पैसे चांगल्या तारांत घालते. पंधरा वर्षांनी ते दुरुस्त होणार नाही, हे मला माहीत आहे. ती किंमत मी उघड्या डोळ्यांनी देतेय. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला, तो म्हणाला, शिसवी कोण आहे त्याला घरी जेवायला बोलव.

वर्तकनगरचा तारवाला:
ताई, भाच्याला पक्कं सांगायच्या आधी माझं खाच पडलेलं वाजवून बघा. प्लास्टिक बोटाला कसं लागतं ते दुकानातल्या पाच मिनिटांत कळत नाही, अर्धा तास लागतो. रविवारी पाचनंतर तलावपाळीला बाकड्यावर असतो.

नौपाडेकरीण:
येते. मलम न लावता.