राइझरजवळचा सपोर्ट
पाइपला सपोर्ट किती अंतरावर द्यायचे, यावर ‘टेबल बघा, ६ इंची पाण्याच्या लाइनला ५.२ मीटरवर सपोर्ट टाकत जा’ असं उत्तर मिळतं, ते सरळ आडव्या पाइपापुरतं ठीक. व्हॉल्व्हचं आणि फ्लँजचं (पाइप जोडायच्या चकत्यांचं) वजन त्या आकड्यात धरलेलंच नसतं, आणि एल्बो (वळणाचा तुकडा) आला की मी स्पॅन, म्हणजे दोन सपोर्टमधलं अंतर, पाऊणच धरतो.

पण गरम लाइनच्या राइझरचा (उभ्या पाइपाचा) मुद्दा त्यात येतच नाही. कार्बन स्टील दर १०० अंशांना मीटरमागे साधारण १.२ मिमी वाढतं. खाली अँकर केलेला (पक्का जखडलेला) १० मीटरचा राइझर २०० अंशांनी तापला की वरचा एल्बो जवळपास २४ मिमी वर जातो. त्याला लागून साधा रेस्टिंग सपोर्ट (पाइप नुसता टेकलेला) असेल, तर लाइन चालू असताना शू, म्हणजे पाइपाखाली जोडलेला पाय, बीमवरून चक्क उचललेला असतो, त्याच्या खालून पातळ पट्टी आरपार सरकवता येते, आणि त्याच्या वाटचा भार शेजारच्या सपोर्टवर नाहीतर नोझलवर (यंत्राच्या पाइप जोडायच्या तोंडावर) जातो. तिथे पाइपाबरोबर वर-खाली होत भार धरून ठेवणारा स्प्रिंग सपोर्टच हवा. शटडाउनमध्ये, लाइन थंड असताना, तपासायला गेलात तर शू जागेवर बसलेला दिसणार, सगळं आलबेल!